पाळी, पाळणा आणि पिशवी

यवत : पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत गावाला वर्षातून दोनदा पाहुण्यांची मोठी वर्दळ अनुभवास येते. आषाढी वारीत जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून येथे विसावते आणि गावकऱ्यांच्या हातच्या पिठलं-भाकरीने वारकरी तृप्त होतात. या पाहुणचाराचे कौतुक वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापून येते. दुसरे पाहुणे दिवाळीच्या आगेमागे येतात. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुठा कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या फडांत उतरतात, शिवारात खोपी उभ्या राहतात आणि पाटस, पाटेठाण, आलेगाव येथील कारखान्यांच्या दिशेने उसाची वाहने धावू लागतात. या पाहुण्यांसाठी पंगत मांडली जात नाही.

दोन्ही समुदायांत स्त्रियांची संख्या मोठी असते आणि दोघींपुढची एक अडचण सारखीच असते. ती म्हणजे मासिक पाळी. वारीत पाळी आली तर दर्शनाचे काय, ही चिंता असलेली स्त्री औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते आणि पाळी आठ-दहा दिवस पुढे ढकलते. फडात पाळी आली तर कामाचे काय, ही चिंता असलेली स्त्री कालांतराने 'पिशवी' काढून टाकण्याच्या निर्णयाप्रत येते. या दोन टोकांच्या मध्ये कुटुंबनियोजनाचा सारा सरकारी कार्यक्रम उभा आहे. पाळणा लांबवण्याची आणि थांबवण्याची साधने त्याने गावोगाव पोहोचवली. परंतु ज्या संप्रेरकांच्या आधारावर पाळी, गर्भधारणा आणि गर्भनिरोधन या तिन्ही गोष्टी चालतात, त्यांविषयीची साधी माहिती मात्र त्याच स्त्रियांपर्यंत पोहोचली नाही. त्याची किंमत त्या आपल्या शरीराने मोजत आहेत.

देवकार्याला चालणारी गोळी

वारी, गौरी-गणपती, घरातील लग्न, सत्यनारायण अशा प्रसंगी पाळी लांबवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. शरीरात नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची ही प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती होय. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी गोळ्या सुरू केल्या जातात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यावयाचे आहे. प्रत्यक्षात ते शेजारणीच्या सल्ल्यावर, घरातील मुलाला दुकानात पाठवूनही आणले जाते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा विकार असलेल्या स्त्रीला ते धोक्याचे ठरू शकते, हे सांगणारे कोणी वाटेत भेटत नाही. पाळी लांबली ती गोळीमुळे की दिवस गेल्यामुळे, हा संभ्रमही काही वेळा उद्भवतो. शिवाय पाळी लांबवण्यासाठी घेतलेली ही गोळी गर्भनिरोधनाचे काम खात्रीने करीत नाही. हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

या रेणूचा इतिहास उद्बोधक आहे. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतील सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो प्रथम तयार झाला. लुइस मिरामोन्टेस, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ या रसायनशास्त्रज्ञांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. तेथील जंगलात उगवणाऱ्या एका रानकंदापासून त्याचा कच्चा माल मिळत असे. याच जातकुळीच्या संप्रेरकांतून पुढे गर्भनिरोधक गोळी निघाली आणि १९६० मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. थोडक्यात, जगाने ज्या रेणूकडे प्रामुख्याने संततिनियमनाचे साधन म्हणून पाहिले, तो आपल्याकडे माजघरात आणि देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला तो विटाळ टाळण्याचे साधन म्हणून. रोज एक गोळी घेऊन पाळणा लांबवावा असे सुचवले की 'हार्मोनच्या गोळ्या नकोत, अंगावर उठतात' असे म्हणणारे कुटुंब गौरीपूजनाच्या आधी त्याच जातीची, मात्रेने कितीतरी अधिक असलेली गोळी निर्धास्तपणे घेऊ देते. ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. औषधाविषयीची भीती औषधातून कमी आणि ते कोणत्या कारणासाठी घेतले जाते यातून अधिक निर्माण होते, हे तिच्यावरून दिसते.

अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

पाळी म्हणजे शरीरातील 'खराब रक्त' बाहेर पडणे, अशी समजूत अद्याप सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांतील एकाच्या प्रभावाने अंडाशयात एक बीज पक्व होऊ लागते आणि तेथून इस्ट्रोजेन पाझरू लागते. त्यामुळे गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होत जाते. इस्ट्रोजेनने विशिष्ट पातळी गाठली की पीयूषिकेतून दुसरे संप्रेरक एकदम उसळते आणि पक्व बीज अंडाशयातून बाहेर पडते. बीज निघून गेल्यावर मागे उरलेल्या भागाचे रूपांतर एका पिवळसर पिंडात होते. हा पिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि गर्भ रुजण्यासाठी अस्तर सज्ज ठेवतो. गर्भधारणा झाली नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पिंड सुकतो, दोन्ही संप्रेरकांची पातळी घसरते आणि आधार गेलेले अस्तर गळून पडते. हीच पाळी. पाळी पुढे ढकलणारी गोळी एवढेच करते की बाहेरून संप्रेरक पुरवून हे अस्तर काही दिवस धरून ठेवते.

हा हिशेब समजला तर अनेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. चक्र सर्वांचे अठ्ठावीस दिवसांचेच असते असे नाही. एकवीस ते पस्तीस दिवसांचे चक्रही सर्वसामान्य मानले जाते. बीज बाहेर पडते ते पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. बीज जेमतेम एक दिवस टिकते, परंतु शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. ज्यांचे चक्र अनियमित आहे त्यांनी केवळ दिवस मोजून विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. बाळंतपणानंतर पाळी येण्याआधीच बीज बाहेर पडू शकते. 'अजून पाळी आली नाही, मग दिवस कसे जातील' या समजुतीतून दुसरे मूल वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने आलेली घरे कोणत्याही गावात सापडतील.

ही माहिती विज्ञानालाही फार जुनी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले. त्या वेळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात कोणाच्या हाती लागले नव्हते. पहिले इस्ट्रोजेन १९२९ मध्ये आणि प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये वेगळे करण्यात आले. पाळीच्या दोन चक्रांमधला मधला काळ हाच 'सुरक्षित' असे तेव्हाचे अनेक डॉक्टरही मानत, म्हणजे नेमके उलटे. अशा काळात कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. संततिनियमनाच्या कार्यापायी त्यांनी नोकरी गमावली आणि खटलेही सोसले. मराठी भाषेत हा विषय मोकळेपणाने मांडण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. असे असताना आज शाळेच्या वर्गात हा धडा मुलामुलींना 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला जात असेल, तर ती पीछेहाट आहे.

आकडे काय सांगतात

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. याचा अर्थ लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्याही खाली राज्य गेले आहे. 'लोकसंख्येचा भस्मासुर' ही भाषा महाराष्ट्रापुरती तरी कालबाह्य झाली आहे. विवाहित स्त्रियांपैकी ६३.८ टक्के आधुनिक गर्भनिरोधनाचा लाभ घेतात. वरकरणी हे यश आहे. परंतु त्यातील ४९.१ टक्के वाटा एकट्या स्त्री-नसबंदीचा आहे. पुरुष-नसबंदीचे प्रमाण ०.४ टक्के एवढे नगण्य आहे. म्हणजे आधुनिक साधन वापरणाऱ्या दर चार जोडप्यांपैकी तिघांचे नियोजन स्त्रीच्या पोटावरील शस्त्रक्रियेने झालेले असते.

हे नेहमीच असे नव्हते. साठच्या आणि सत्तरच्या दशकात नसबंदीची शिबिरे प्रामुख्याने पुरुषांसाठी भरत. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्याच सुमारास सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करण्यापर्यंत महाराष्ट्राची मजल गेली होती. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. त्या बळजबरीचा राजकीय फटका असा बसला की नंतर कोणत्याही सरकारने पुरुषांच्या वाटेला जाण्याचे धाडस केले नाही. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, कमी वेळाची आणि कमी जोखमीची असूनही कार्यक्रमाचा सारा भार स्त्रीवर सरकला आणि तो आजही तेथेच आहे.

याच पाहणीतील दुसरा आकडा यासोबत वाचावा लागतो. राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आसपास 'ऑपरेशन' हा ग्रामीण भागातील रुळलेला क्रम आहे. ज्या साधनांनी पहिले मूल लांबवता येते किंवा दोन मुलांत अंतर ठेवता येते, ती साधने या क्रमात कोठेच येत नाहीत. शस्त्रक्रियेत फक्त बीजवाहिन्या बंद होतात. अंडाशय आणि संप्रेरके पूर्ववत काम करीत राहतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे पाळी चालूच राहते. परंतु सरकारी दप्तरात त्या स्त्रीचे प्रकरण तेथेच निकाली निघालेले असते. तिच्या अतिरक्तस्रावाची, पांढऱ्या पाण्याची, रक्तक्षयाची विचारपूस करणारा कार्यक्रम नसतो. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते.

फडातला खाडा

या दुर्लक्षाचे भीषण रूप २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून पुढे आले. ऊसतोड मजूर स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्यावर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे, म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एकीचे गर्भाशय काढलेले होते. राष्ट्रीय पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशातील हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

यामागचे अर्थकारण उसाच्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मानला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामावर न जाणे म्हणजे 'खाडा', आणि खाड्याला दंड. तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत नमूद होते. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, वाहन आले तर अपरात्री उठून भरायचे. शौचालय नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीचे चार दिवस अशा जागी काढणे म्हणजे काय, याची कल्पना यवतच्या रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला येणार नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पोटात दुखते, अंगावरून जाते. हंगाम बुडवून तपासण्या करीत बसणे परवडणारे नसते. अशा वेळी कोणी डॉक्टर 'पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल, दोन मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय' असे म्हणाला, तर उचलीत आणखी भर घालून शस्त्रक्रिया उरकली जाते. कागदावर संमती असते. ती कोणत्या परिस्थितीत मिळाली, हे कागदावर येत नाही.

येथे संप्रेरकांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर ऐन तिशीत इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी थांबतो. पन्नाशीच्या आसपास हळूहळू येणारी रजोनिवृत्ती एका रात्रीत अंगावर कोसळते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, सांधे धरणे हे त्रास लगेच जाणवतात. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम सावकाश समोर येतात. अंडाशय राखले तरी ते अपेक्षेपेक्षा लवकर मंदावण्याची शक्यता असते. ज्या शरीरश्रमावर पोट अवलंबून आहे, ते शरीरच अशा तऱ्हेने अकाली थकते. खाडा चुकवण्यासाठी काढलेली पिशवी शेवटी कायमचा खाडा पदरात टाकते.

अतिरक्तस्रावाच्या बहुसंख्य तक्रारींवर शस्त्रक्रियेविना उपचार आहेत. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके आहेत, रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या आहेत. संप्रेरकांच्या असंतुलनातून होणाऱ्या रक्तस्रावावर संप्रेरकेच दिली जातात आणि त्यांत नॉरएथिस्टेरॉनचाही समावेश आहे. गौरीपूजनासाठी सहज मिळणारी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर मिळाली असती तर काही जणींची शस्त्रक्रिया टळली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

हे प्रकरण उघड झाल्यावर बीडमधील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. परंतु मजूर स्थलांतरित असल्याने एक पेच उरतोच. ती स्त्री वर्षातले सहा महिने बीडच्या नोंदवहीत असते आणि सहा महिने दौंड, शिरूर, बारामतीच्या शिवारात. दुखणे येथे सुरू होते आणि शस्त्रक्रिया तेथे होते. जबाबदारी कोणत्या जिल्ह्याची, हे ठरेपर्यंत हंगाम संपलेला असतो.

इंजेक्शनाचा धडा

मग संप्रेरकांची साधने सरकारी केंद्रांत नाहीत काय? आहेत. 'माला-एन' ही गोळी मोफत मिळते. अठ्ठावीस गोळ्यांच्या या पाकिटात एकवीस संप्रेरकाच्या आणि सात लोहाच्या असतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आणि १९९१ पासून 'सहेली' नावाने विकली जाणारी, संप्रेरकविरहित गोळी आता सरकारी कार्यक्रमात 'छाया' नावाने दिली जाते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून सार्वजनिक सेवेत आले. तांबी तर कित्येक दशकांपासून आहे.

अंतराच्या मागे मोठा वाद आहे. १९८५ मध्ये आंध्रातील पटनचेरू येथे नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचण्या सुरू असता, हे प्रायोगिक औषध आहे याची पुरेशी कल्पना स्त्रियांना दिली गेली नसल्याचे तेथील कार्यकर्त्यांच्या निदर्शनास आले. १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना व अन्य गटांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि हा वाद २००० पर्यंत चालला. नेट-एन म्हणजे नॉरएथिस्टेरॉनचेच इंजेक्शन. स्त्री संघटनांचा मुख्य आक्षेप असा होता की दुष्परिणाम समजावून सांगण्याची आणि त्यांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था नसताना असे साधन, जे एकदा टोचल्यावर शरीरातून काढून घेता येत नाही, गरीब स्त्रियांना देणे अन्यायाचे आहे. तो आक्षेप आजही गैरलागू झालेला नाही.

अंतराचा एक ठळक परिणाम म्हणजे पाळीचे वेळापत्रक विस्कटते. कधी मधूनच डाग दिसतात, कधी काही महिने पाळी येतच नाही. इंजेक्शन थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परतण्यास शेवटच्या मात्रेपासून सात ते दहा महिने लागू शकतात. वैद्यकीयदृष्ट्या हे बदल बहुधा घातक नसतात. पण ज्या घरात पाळीच्या चार दिवसांत देवाला आणि लोणच्याला शिवायचे नाही, तेथे पंधरा-पंधरा दिवस डाग दिसणे म्हणजे अर्धा महिना बाजूला बसणे. ज्या फडात आडोसा नाही, तेथे अवेळी येणारी पाळी ही मोठीच आपत्ती. आणि पाळी आलीच नाही तर 'रक्त आत साठत आहे' अशी भीती. पहिल्या मात्रेनंतर स्त्री परत आली नाही, तर आपण तिला अज्ञानी ठरवतो. वास्तविक तिने आपल्या परिस्थितीचा पुरता विचार करून निर्णय घेतलेला असतो. विटाळाची रूढी आणि शौचालयाचा अभाव हे कुटुंबनियोजनाच्या साधनांच्या यशापयशाशी थेट निगडित विषय आहेत. आरोग्य खाते साधनांचे वाटप मोजते. या दोन गोष्टी त्याच्या तक्त्यात बसत नाहीत.

वढूचा दाखला

हे चित्र बदलता येते, याचा दाखला याच परिसरात आहे. यवतच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७७ मध्ये शासनाच्या सहकार्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यामागे डॉ. बानू कोयाजी यांची दृष्टी होती. १९४४ पासून केईएमशी जोडल्या गेलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ पुण्यात संततिनियमनाच्या कार्यात शकुंतला परांजपे यांच्या सहकारी होत्या. रुग्ण शहरातील रुग्णालयात पोहोचतो तोवर फार उशीर झालेला असतो, हे त्यांनी ओळखले होते. गावातीलच माणसे निवडून त्यांना आरोग्यसेवेचे प्राथमिक शिक्षण द्यायचे, बाळंतपण आणि बालकांचे लसीकरण यांची हमी आधी द्यायची, आणि त्या विश्वासाच्या बळावर नियोजनाचा विषय काढायचा, असा तो क्रम होता. मूल जगेल याची खात्री नसलेल्या आईला 'दोन पुरे' सांगण्यात अर्थ नाही, इतके साधे हे सूत्र आहे. १९९३ मध्ये डॉ. कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. वढूच्या केंद्रात २००२ पासून परिसरातील गावांच्या लोकसंख्येची आणि आरोग्याची नियमित नोंद ठेवली जाते.

आजच्या 'आशा' सेविकेच्या कल्पनेमागे देशातील अशाच प्रयोगांचा अनुभव आहे. फरक इतकाच पडला की प्रयोगात संवादाला महत्त्व होते. योजनेत नोंदींना आले. आशा सेविकेकडे आज इतक्या नोंदवह्या आणि इतकी मोबाईल ॲप आहेत की एखाद्या विशीतील सुनेशी तिच्या सासूच्या माघारी अर्धा तास बोलण्याची उसंत तिला मिळणे कठीण झाले आहे.

काय करता येईल

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, औषधविक्रेत्यांना या साखळीत आणणे. पाळी पुढे ढकलणारी गोळी मागणाऱ्या स्त्रीला चार प्रश्न विचारणे आणि शंका वाटल्यास डॉक्टरांकडे पाठवणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ. दुसरा, गळीत हंगामात खोपींच्या वस्तीवर स्त्री-आरोग्य तपासणीची ठरलेली फेरी. कारखान्याला उसाच्या नोंदीसाठी प्रत्येक फडाचा पत्ता माहीत असतो. तोच आरोग्य खात्याला मिळण्यास अडचण नसावी. ही तपासणी रात्री किंवा भल्या पहाटे व्हावी लागेल, कारण दिवसा त्या स्त्रिया सापडणार नाहीत. तिसरा, नोंदीचे कार्ड मजुराबरोबर फिरते ठेवणे, म्हणजे दौंडमध्ये सुरू झालेला उपचार बीडमध्ये तुटणार नाही. चौथा, पाळीच्या काळात विनादंड सुट्टी आणि फडाजवळ फिरते शौचालय. आणि पाचवा, पुरुषांशी बोलणे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बळजबरीने विटलेला हा विषय समजुतीने पुन्हा काढण्याची वेळ आली आहे.

वारीच्या मार्गावर बदलाची थोडी सुरुवात दिसते. राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये 'आरोग्यवारी' उपक्रम सुरू केला आणि पालखी मार्गावर सॅनिटरी नॅपकिन व त्यांच्या विल्हेवाटीची सोय करण्यात आली. वारीत पाळी येणार आणि आलेली पाळी लपवण्याचे कारण नाही, हे शासनाने त्यातून प्रथमच उघडपणे मान्य केले. वारकरी परंपरेला हा विचार परका नाही. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी देहाच्या विटाळाच्या कल्पनेलाच आपल्या अभंगातून रोकडा प्रश्न विचारला, त्याला सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या विठ्ठलासाठी गोळ्या घेऊन पाळी ढकलली जाते, त्याच विठ्ठलाच्या भक्त स्त्रीने हा हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे.

पालखीच्या वाटेवर जी सोय पंधरा दिवस होऊ शकते, ती उसाच्या फडावर पाच महिने का होऊ नये, हा प्रश्न मग उरतो. आषाढी वारीत भाकरीची चवड घेऊन वाट पाहणारे यवत हे दानशूर गाव आहे. दिवाळीनंतर शिवारात उतरणाऱ्या पाहुण्या स्त्रियांसाठी एक आडोसा, दोन हंडे स्वच्छ पाणी आणि महिन्यातून एकदा येणारी डॉक्टर, एवढी तजवीज करणे त्याला आणि त्याच्यासारख्या ऊसपट्ट्यातील प्रत्येक गावाला अशक्य नाही. शासनाचा आदेश येईपर्यंत थांबण्याचीही त्यासाठी गरज नाही.